फुलं नसताना झाड कसं ओळखावं: साल, डोळा, पान आणि फळ

फुलावरून झाड ओळखणं सोपं आहे, पण ती सोय वर्षातले थोडेच दिवस असते. मे महिन्यात बहावा पिवळा झाला की शाळकरी पोरही नाव सांगतं. तोच बहावा ऑगस्टच्या हिरव्या गर्दीत उभा असला की चांगले जाणकार दोन पावलं मागे येऊन मान वर करतात. साल मात्र बारा महिने समोर असते. फांदीवरचे डोळे, म्हणजे पानाच्या बेचक्यातले कोंब, पानगळीनंतरही जागेवर असतात. फळं वर नसली तरी बुंध्याशी पाचोळ्यात मागच्या हंगामाची चार-दोन सापडतातच. म्हणून शिकायला सुरुवात जानेवारी ते मार्चमध्ये करावी, जंगल अर्धं उघडं पडलेलं असताना. पानांची गर्दी नसली की नजर आपोआप खोडाकडे जाते.

इथे मी महाराष्ट्रातल्या पानगळीच्या जंगलातली, म्हणजे कोकणपट्टी, मावळ, घाटपायथा, मेळघाट-ताडोब्याकडची नेहमीची झाडं घेतो आहे, शिवाय रस्त्याकडेची काही. महाबळेश्वर-आंबोलीच्या सदाहरित रानाचा हिशोब वेगळा आहे, तो यात मिसळत नाही.

एकच नियम सुरुवातीला पक्का करा: एका खुणेवर नाव सांगायचं नाही. साल आणि फळ, डोळा आणि पान, अशा दोन वेगळ्या अवयवांवरच्या खुणा जुळल्या तरच नाव वहीत शाईने लिहायचं. तोवर पेन्सिलने.

सामान आणि खबरदारी

दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, वही, मोबाइल. एवढं पुरे. कोयता नको. सालीचा आतला रंग पाहायला खोडावर घाव घालायची अनेकांना सवय असते. त्याची गरज नसते. प्रत्येक खोडावर कुठेतरी खपली आपोआप सुटलेली असते, तिथे पाहा. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात असाल तर पडलेलं फळसुद्धा जागच्या जागी पाहून तिथेच ठेवा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू असतो.

अनोळखी झाडाचं पान लगेच चुरगळू नका. बिब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात. त्याचं फळ ओळखून ठेवा: खाली नारिंगी मांसल भाग आणि त्याच्या टोकाला काळी बी. शेराचं दूध डोळ्यात जाणं फार वाईट. कांडोळाची तांबूस फळं मखमली दिसतात, पण ते केस बोटात घुसतात. कोकणातल्या काजऱ्याचं नारिंगी गोल फळ पाहून कुणालाही खावंसं वाटेल. त्याच्या बिया जहाल विषारी असतात. थोडक्यात, चव घेऊन झाड ओळखायची पद्धत बाद.

पहिली पायरी: जागा

खोडाला हात लावण्याआधी पायाखाली पाहा. ओढ्याच्या काठाला पांढुरकं उंच झाड असेल तर अर्जुन आधी आठवावा, खडकाळ उन्हाच्या उतारावर असेल तर कांडोळ. करंज आणि उंबर पाण्याच्या आसपास जास्त. काळ्या रानाच्या बांधावर बाभूळ आणि हिवर, समुद्राकाठच्या वाडीत भेंडी (भाजीची नव्हे, भेंडीचं झाड). जागा नाव सांगत नाही, पण शंभर शक्यतांच्या दहा करते.

दुसरी पायरी: साल

साल पाहताना चार प्रश्न विचारा. रंग कोणता? गुळगुळीत की भेगाळ? भेगा उभ्याच आहेत, की आडव्याही? आणि सोलते कशी: कागदासारखी, पट्ट्यांनी, की खवल्यांनी?

छातीच्या उंचीवर पाहायचं असं पुस्तकी उत्तर आहे. रस्त्याकडेच्या झाडांना तिथेच गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले असतात, त्यामुळे त्याच्या वर पाहा. घाटाच्या ओल्या बाजूला खोडावर दगडफुलाचे पांढरे चट्टे असतात. तो सालीचा रंग समजू नका. नखाने चट्ट्याची कड हलकी उचलली की खालचा खरा रंग दिसतो. आणि शक्य असेल तर त्याच जातीचं एक म्हातारं आणि एक तरणं झाड पाहा, कारण साल वयाप्रमाणे बदलते. काटेसावरीच्या तरण्या खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात, म्हाताऱ्या सावरीचं खोड खाली जवळजवळ बिनकाट्याचं होतं आणि बुंध्याला पाखे, म्हणजे आधाराच्या भिंतींसारखे फुगवटे, फुटतात. काटे दिसले नाहीत म्हणून सावर नाही, असं म्हणता येत नाही. तिच्या फांद्या मात्र वयानेही लपत नाहीत: खोडाभोवती एका पातळीत चहूबाजूंनी आडव्या निघतात, मजल्यामागून मजला.

आता पांढऱ्या सालीची मंडळी घेऊ, कारण गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. अर्जुन, कांडोळ, धावडा आणि नाणा ही चारही झाडं लांबून "ते पांढरं झाड" असतात.

अर्जुनाची साल राखी-पांढरी, किंचित हिरवट झाक असलेली, आणि मोठ्या पातळ पापुद्र्यांनी सुटते. पापुद्रा गेला की खाली फिकट गुलाबी किंवा हिरवट रंग दिसतो. कांडोळ, ज्याला कुठे करू, कुठे भुत्या म्हणतात, तो याहून पांढरा, चकचकीत, आणि त्याचा पापुद्रा खरोखर कागदाइतका पातळ. चांदण्या रात्री हे झाड का घाबरवत असेल ते एकदा पाहिलं की कळतं. ते फेब्रुवारीत पूर्ण उघडं असतं, फांद्या जाड आणि टोकाशी बोथट. धावड्याची साल पांढुरकी-करडी, पण तिच्यावर उथळ खळगे असतात; खपल्या गोलसर सुटतात आणि मागे खळगा राहतो. डहाळ्या मात्र बारीक आणि लोंबत्या, कांडोळाच्या अगदी उलट. हिवाळ्याच्या शेवटी धावड्याची बारीक पानं तांबडी होऊन गळतात. बाळंतिणीच्या लाडवांत जो डिंक घालतात, त्यात धावड्याचा डिंक नावाजलेला. खोडावर त्याचे सुकलेले थेंब मिळाले तर दुसरी खूण झाली. नाणा कोकण-घाटात, साल फिकट, गुळगुळीत, लांब उभ्या पट्ट्यांनी सुटते आणि खोड सरळ. नाण्याच्या पानांच्या जोड्या समोरासमोर आणि लाकडी लहान बोंडं फांदीवर राहिलेली. तो आपल्या राज्यपुष्पाचा, ताम्हणाचा, सख्खा नातेवाईक.

काळ्या भेगाळ सालीत ऐन पहिला. उभ्या आणि आडव्या दोन्ही भेगा खोल जातात, त्यामुळे खोडावर चौकोनी ठोकळे तयार होतात. मगरीची पाठ म्हणतात ती हीच. बाभळीची सालही काळी, पण भेगा उभ्याच. खैराची साल तपकिरी, अरुंद लांब पट्ट्यांनी सुटते आणि सुटलेल्या जागी आत लाल दिसतं. आपट्याची काळसर, खडबडीत, झाड वेडंवाकडं आणि ठेंगणं. बाभळीसारखं काटेरी झाड आहे पण खोड पिवळट-पांढुरकं? तो हिवर. मोईची साल करडी आणि गोलसर खपल्यांनी सुटते, आत तांबडी. सालईची पातळ पापुद्र्यांची असते आणि जखमेतून सुवासिक राळ येते. खानदेश-विदर्भातल्या कोरड्या डोंगरांवर तीच ती. साग करडा-तपकिरी, उथळ उभ्या भेगांचा, पातळ पट्ट्यांनी सोलणारा. बेहड्याची साल निळसर राखाडी, बारीक उभ्या रेषांची.

तिसरी पायरी: डहाळी आणि डोळा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पानावर अडकतात. शेतकरी डोळा भरून कलम बांधतो, तोच हा डोळा: पानाच्या देठाच्या बेचक्यातला कोंब. डोळे फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, एवढं पाहिलं की अर्धी झाडं बाजूला होतात. समोरासमोर पानं असलेली नेहमीची मोठी झाडं मोजकी आहेत: साग, शिवण, हेदू, कळंब, जांभूळ, नाणा, काजरा. पान गळलेलं असलं तरी देठाचा व्रण राहतो, आणि व्रणही समोरासमोरच असतात. फक्त ऐन-अर्जुनाच्या कुळात सावध राहा; त्यांची पानं जवळपास समोरासमोर असतात, पण नेमकी नव्हे.

सागाची कोवळी डहाळी चौकोनी असते. दोन बोटांत फिरवली की कडा लागतात. हेदू आणि कळंबाच्या डहाळीच्या टोकाचा डोळा दोन चपट्या उपपर्णांच्या (देठाच्या बुडाशी येणाऱ्या पानासारख्या लहान पात्यांच्या) मध्ये बंद असतो, मिटलेल्या ओंजळीत धरल्यासारखा; दोघांतलं कळंबाचं आवरण मोठं.

वडाच्या कुळाची खूण मला सर्वांत आवडते. वड, पिंपळ, उंबर यांच्या टोकाचा डोळा टोकदार असतो आणि त्यावर टोपीसारखं आवरण असतं. पान उमललं की टोपी गळते आणि डहाळीभोवती पूर्ण गोल रेघ राहते. डहाळीवर अंगठा फिरवला की एकेक रेघ जाणवते. रेघ आहे आणि पान तोडल्यावर पांढरा चीकही आहे, तर वडाचं कुळ, किंवा फणस, तोही त्यांचाच भाऊबंद. रेघ आहे पण चीक नाही, तर सोनचाफा असू शकतो.

फुलकळ्याही कामाच्या. पळसाच्या कळ्या जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण फांदीवर काळपट-तपकिरी मखमलीच्या दिसतात. केशरी रंग बाहेर पडायच्या आधी आठ-पंधरा दिवस झाड दुरून चक्क काळं वाटतं. मोहाच्या कळ्या फांदीच्या टोकाला झुपक्याने, तांबूस लोकरीच्या. शहरात सोनमोहराच्या कळ्या आणि कोवळे कोंब गंजाच्या रंगाचे असतात, गुलमोहराचे हिरवे. दोघांची पानं सारखीच पिसासारखी असल्याने ही खूण सोन्यासारखी.

चौथी पायरी: पान

आधी पान कुठे सुरू होतं ते शोधा. बेचक्यात डोळा असतो ते पान. डोळा नसेल तर ती पानाची पर्णिका, म्हणजे मोठ्या पानाचा पानासारखाच दिसणारा एक भाग. हे कळलं नाही तर कडुनिंबाची प्रत्येक पर्णिका वेगळं पान वाटते. नवख्यांचा सगळा घोळ या एका जागी असतो, म्हणून पहिल्या दिवशी कडुनिंबाखाली उभं राहून हेच करावं: पर्णिकेपासून मागे मागे जात डोळा सापडेपर्यंत.

मग तीन गोष्टी. पान साधं की संयुक्त, म्हणजे अनेक पर्णिकांचं. मागची बाजू. आणि देठ.

मागची बाजू पाहायची सवय फार फळ देते. ऐनाच्या पानाच्या मागे, मधल्या शिरेवर देठाजवळ, दोन लहान गाठी असतात, भिंगाशिवायही दिसतात. अर्जुनालाही देठाच्या जवळ गाठी असतात, पण त्याची साल ऐनाच्या अगदी विरुद्ध, त्यामुळे गोंधळ होत नाही. जांभळाच्या पानाच्या कडेला समांतर एक शीर पूर्ण फिरलेली असते, उजेडात धरलं की दिसते. बेलाचं पान उजेडात धरलं तर बारीक पारदर्शक ठिपके. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. मोठं, खरखरीत, समोरासमोर पान आणि हा लाल रंग, एवढं जुळलं की सागाबद्दल वाद संपला. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाच्या पानांची किड्यांनी जाळी केलेली दिसते, शिराच उरतात. झाड मेलं नाही, ओळखायला उलट सोपं झालं.

कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, हे खरं. पण तीन पर्णिका दिसल्या म्हणून पळस नव्हे. पांगारा, बेल आणि वायवर्णही त्रिदलीच. पळसाच्या पर्णिका जाड, चामट, मधली मोठी, बाजूच्या दोघी तिरक्या. पांगाऱ्याची मधली पर्णिका रुंद त्रिकोणी आणि फांदीवर काळे काटे. बेलाला सरळ काटा आणि चुरगळल्यावर वास. वायवर्णाचा देठ लांब आणि डहाळीवर फिकट ठिपके.

काही पानं फांदीच्या टोकाशीच गर्दी करतात: मोह, बेहडा, कुंभा, बिबा. मोहाचं पान तोडल्यावर पांढरा चीक येतो, बेहड्याला येत नाही आणि त्याचा देठ लांब असतो. कुंभ्याच्या पानाची कड बारीक दातेरी, देठ आखूड, आणि थंडीत जुनं पान तांबडं होतं. चीक पाहण्याच्या नादात बिब्याला हात लागू नये म्हणून आधी खाली त्याची फळं पडलेली आहेत का पाहा.

संयुक्त पानं समोरासमोर असतील तर यादी फार लहान होते. वारस, टेटू, मेडशिंगी किंवा शहरातला नीलमोहर, बहुधा यांपैकीच काही. टेटूच्या तलवारीसारख्या शेंगा आणि मेडशिंगीच्या वाकड्या शेंगा पुढचं सांगतात.

पाचवी पायरी: फळ, आणि तेही जमिनीवरचं

वर पाहण्याआधी पाचोळा चाळा. एकच काळजी: डोक्यावर दुसऱ्या झाडाची फांदी आहे का ते पाहा, आणि पंख असलेली फळं वाऱ्याने लांबूनही येतात.

ऐन, अर्जुन आणि किंजळ ही भावंडं फळांवरून चोख वेगळी होतात. किंजळाला एक मोठा पंख आणि दोन लहान; कोकणात पावसाळा सरल्यावर त्याच्या फळांच्या लालसर घोसांनी डोंगराचा रंगच बदलतो. ऐन आणि अर्जुन दोघांनाही पाच पंख. इथे भिंग काढा. ऐनाचे पंख रुंद, आणि त्यांवरच्या बारीक रेषा मधल्या भागापासून सरळ कडेकडे जातात. अर्जुनाचे पंख अरुंद, आणि रेषा वरच्या बाजूला वळलेल्या. याच कुळातले हिरडा आणि बेहडा मात्र बिनपंखांचे: बेहड्याचं फळ राखी मखमलीचं, हिरड्याचं गुळगुळीत, वाळल्यावर पाच उभ्या कंगोऱ्यांचं.

शेंगांत पळसाची शेंग चपटी, आणि बी एकच, तेही अगदी टोकाला. करंजाची जाडसर, होडीच्या आकाराची, बहुधा एकबी. बाभळीची मण्यांच्या माळेसारखी, खैराची चपटी पातळ तपकिरी. गुलमोहराची शेंग लांब, लाकडी, काळपट; सोनमोहराची लहान, तांब्याच्या रंगाची; नीलमोहराचं फळ चपटी गोल डबी. सागाचं फळ कागदी फुग्यात असतं. उंबराला फळांचे झुबके खोडावर, तर वड-पिंपळाला पानांच्या बेचक्यात जोडीने.

एकदा सगळं मिळून

फेब्रुवारी, घाटपायथ्याचं रान. समोर उंच, सरळ, जवळपास उघडं झाड. खोड काळं, भेगा उभ्या-आडव्या, ठोकळे स्पष्ट. ऐन वाटतो, पण अजून पेन्सिलच. खाली पाचोळ्यात पाच पंखांचं फळ, रुपयाच्या नाण्याहून मोठं, तपकिरी. भिंगातून रेषा सरळ कडेपर्यंत गेलेल्या. दुसरी खूण जुळली. तरी चार वाळकी पानं उलटी केली, तर मधल्या शिरेवर देठापाशी दोन गाठी. आता शाई.

याच जागी दहा पावलांवर पांढुरकं खोड, आणि त्याच्याही खाली पाच पंखांचं फळ मिळालं, तर थांबा. फळ ऐनाचंच उडून आलेलं असू शकतं. पंखांवरच्या रेषा पाहा, जवळ ओढा आहे का पाहा, आणि फांदीवर तशीच फळं अजून लटकलेली आहेत का ते पाहा.

फसवणाऱ्या जोड्या

आपटा आणि कांचन. दसऱ्याला दरवर्षी कांचनाच्या फांद्या सोनं म्हणून विकल्या जातात. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदी जास्त, कांचनाचं मोठं. आपट्याच्या शेंगा थोड्या वाकड्या, न फुटता झाडावर महिनोन्‌महिने लोंबतात. कांचनाच्या तडकून पीळ खातात. दोन्ही झाडं ओरबाडू नयेत हे वेगळं सांगायला नको.

पिंपळ, पायर आणि भेंडी. तिघांचं पान हृदयाच्या आकाराचं. पिंपळाला लांब शेपूट. पायर कड्याकपारीत, शेपूट आखूड, देठ आणि मधली शीर लालसर. भेंडीच्या पानाला पांढरा चीक नाही आणि डहाळीवर गोल रेघही नाही.

कडुनिंब, बकाण आणि महारुख. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं. बकाणाचं दोन-तीनदा, आणि थंडीत पिवळी गोल फळं उघड्या झाडावर घोसाने. महारुखाचं पान खूप मोठं, कड ओबडधोबड दातेरी. फळ चपटं पंखाचं, बी मध्ये.

नोंद ठेवताना

प्रत्येक झाडाचे किमान पाच फोटो घ्या: पूर्ण झाड, जवळून साल, डहाळीचं टोक, पानाच्या दोन्ही बाजू एकत्र, आणि फळ. मोबाइलमधली ओळख सांगणारी अ‍ॅप फक्त पान दाखवलं की हमखास चकतात. सालीचा आणि फळाचा फोटोही दिला की उत्तर सुधारतं, तरी दोन खुणांचा नियम अ‍ॅपलाही लावा. फोटोशेजारी तारीख आणि जागा लिहा, आणि तेच झाड जूनमध्ये, ऑक्टोबरात पुन्हा पाहा.

गावातल्या गुराख्याला किंवा आजीला "हे कुठलं झाड?" एवढंच विचारू नका. "याचं काय करतात?" हेही विचारा. पत्रावळी लावतात म्हटलं तर पळस, फळ सुकवून खोकल्याच्या औषधात घालतात म्हटलं तर बेहडा, फुलं पहाटे वेचतात म्हटलं तर मोह. स्थानिक नाव जसं ऐकलं तसंच, त्या गावाच्या नावासकट वहीत उतरवा; शेजारच्या तालुक्यात तेच नाव दुसऱ्या झाडाला असू शकतं.